फाटक आधी, दस्तक नंतर

भुशी धरणाच्या वाटेवर पोलिसांचे लोखंडी अडथळे लागले की आमच्या मावळात तोच वाद पुन्हा सुरू होतो. गर्दी आवरायची कशी? ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांनी भरलेला असताना कोसळला आणि चार जण गेले. त्यामुळे हा वाद पोकळ नाही. माणसे मेलेली आहेत.

अशाच एका चर्चेत, लोणावळ्यातच, एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "कोविडच्या वेळी कसे होते? दोन डोस असतील तर आत, नसतील तर मागे फिरा. सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. तशी शिस्त पुन्हा आणा." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र मला स्वतःचाच राग आला. कारण त्या 'शिस्ती'च्या फाटकावरून मागे कोण फिरले, हे मी पाहिले होते. ज्यांच्याकडे मोटार होती ते फिरले नाहीत. मागे फिरल्या त्या मक्याची कणसे विकणाऱ्या, बंगल्यांवर भांडी घासणाऱ्या, मॉलच्या फरशा पुसणाऱ्या बायका. त्या दिवशी गप्प राहिले, म्हणून आज लिहिते आहे.

आधी माझी बाजू स्पष्ट करते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. मी लस घेतली. वस्तीवरच्या बायकांना सोबत घेऊन केंद्रावर गेले, रांगेत उभी राहिले, घाबरलेल्यांचे हात धरले. लसीमुळे असंख्य जीव वाचले याबद्दल माझ्या मनात शंका नाही. "लस म्हणजे कट आहे, ती घेतली की मूल होत नाही," असे सांगत फिरणाऱ्यांशी मी भांडले आहे आणि पुढेही भांडेन. ज्यांनी मोबाईलवर असल्या अफवा पुढे ढकलल्या, त्यांच्यातल्या कित्येकांनी स्वतः गुपचूप दोन्ही डोस घेतले होते, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा हा लेख लसीच्या विरोधात नाही. तो फाटकाच्या विरोधात आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एकच आहेत असे भासवण्यातच सगळी गोम आहे.

तारखांचा हिशेब

सरकारी आदेशांना तारखा असतात. त्या एकाखाली एक मांडल्या तर बरेच काही दिसते.

१ मे २०२१ पासून १८ वर्षांवरच्या सर्वांना लस, अशी घोषणा झाली. पण १८ ते ४४ या वयाच्या लोकांना मोबाईलवर आधी नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे होते. त्या दिवसांत आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसमोर पुण्या-पिंपरीच्या मोटारी उभ्या असत. शहरात बसून ज्याचे बोट जलद चालले त्याने गावातली वेळ पटकावली. गावची बाई मात्र केंद्राच्या दारात चौकशी करी आणि "ऑनलाइन आहे मावशी" हे ऐकून परत जाई. मेच्या मध्यापर्यंत साठा आटला आणि महाराष्ट्रात या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. ते पुन्हा सर्वांसाठी सुरू झाले २२ जूनच्या सुमारास. गंमत पाहा, ही लस बनत होती आपल्याच पुणे जिल्ह्यात. तिथून अंदर मावळातल्या वाड्या शंभर किलोमीटरच्या आत आहेत.

आता बोटे मोडून हिशेब करू. बहुतेकांना मिळत होती ती कोव्हिशील्ड. तिच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचे अंतर, हा नियम १३ मे २०२१ पासूनचा. म्हणजे २२ जूनला ज्या तरुण बाईला पहिला डोस मिळाला, तिचा दुसरा १४ सप्टेंबरच्या आधी शक्यच नव्हता. त्यावर आणखी १४ दिवस गेले की ती 'पूर्ण लसवंत'. म्हणजे २८ सप्टेंबर.

आणि फाटक कधी लागले? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन डोस आणि १४ दिवस पूर्ण झालेल्यांनाच. त्याच ऑगस्टमध्ये मॉल उघडले तेही याच अटीवर, गिऱ्हाइकाला आणि तिथे काम करणाऱ्यालाही. सरकारी केंद्रावर मोफत लसीची वाट पाहणाऱ्या तिशीतल्या बाईने नियम पाळायचा ठरवला तरी तो पाळणे तिला शक्य नव्हते. कोव्हॅक्सिनचे अंतर कमी, २८ दिवसांचे. पण ती मिळायची मारामार, आणि खासगी रुग्णालयात एका डोसला १४१० रुपये, असा दर जूनमध्ये सरकारनेच ठरवून दिलेला. दिवसाला तीनशे रुपये रोजावर गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये राबणारी बाई ते कुठून देणार?

गरोदर बाईचा हिशेब तर याहून कडू. लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळले होते. म्हणून त्यांना लस देऊ नये असे ठरले. २ जुलै २०२१ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने त्यांना परवानगी दिली. त्याच दिवशी पहिला डोस घेतला असे धरले तरी कोव्हिशील्डचा दुसरा २४ सप्टेंबरला, आणि फाटकातून आत ८ ऑक्टोबरला. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सरकारने तिला ज्या कागदाअभावी अडवले, तो कागद तिला मिळू नये अशी व्यवस्था सरकारनेच केली होती. स्वतः हात बांधायचे आणि नंतर हात का जोडत नाहीस म्हणून दटावायचे, त्यातला हा प्रकार.

आमच्या ओळखीतली कामशेतकडची एक मुलगी पिंपरीकडच्या एका मॉलमध्ये ठेकेदाराकडून सफाईला होती. जूनच्या अखेरीला ती बाळंत झाली. पोट भरलेले असताना लस नाही, म्हणून नाही घेतली. बाळंत झाल्यावर जुलैत जाऊन पहिला डोस घेतला. ऑगस्टमध्ये मॉल उघडले तेव्हा ओल्या अंगाने कामावर जायला निघाली, कारण नवऱ्याचे काम टाळेबंदीत गेलेले. मुकादमाने सांगितले, दोन डोसांचा कागद आण. तिचा दुसरा डोस ऑक्टोबरात. तोवर तिच्या जागी दुसरी लागली होती. तिने लसीला नकार दिला नव्हता. तिने कोणताही नियम मोडला नव्हता. तरी शिक्षा तिलाच झाली. त्या मुलीला मी आजही उत्तर देऊ शकलेले नाही.

आता पुढची तारीख. घरोघर जाऊन लस देण्याची केंद्राची मोहीम सुरू झाली ३ नोव्हेंबर २०२१ ला. तिचे नाव होते 'हर घर दस्तक'. आपल्या राज्याची 'मिशन कवच कुंडल' मोहीम झाली ऑक्टोबरमध्ये. म्हणजे फाटक लागले ऑगस्टला आणि दारावर थाप पडली ऑक्टोबर-नोव्हेंबरला. क्रम उलटा असता, आधी दस्तक आणि मग फाटक, तर मी कदाचित एवढी कडवट झाले नसते. लोकांच्या दारी लस न्यायला जो वेळ, माणसे आणि पैसा लागतो तो नंतर. दारात रखवालदार उभा करायला काही लागत नाही, म्हणून ते आधी.

सर्टिफिकेट कोणाच्या खिशात?

दुसरी गोष्ट मोबाईलची. लसीचे प्रमाणपत्र मोबाईलवर येई. कोविन संकेतस्थळावर एका क्रमांकावर चार जणांची नोंद होऊ शके. आमच्या वस्त्यांवर घरटी एक मोबाईल, तो बहुधा नवऱ्याकडे किंवा थोरल्या मुलाकडे. नवरा सकाळी साहेबांच्या साइटवर गेला की बायकोच्या लसीचा पुरावाही त्याच्या खिशातून साइटवर गेला. रखवालदाराने तिला विचारले, दाखवा. तिने दंडाकडे बोट दाखवले. दंड चालत नव्हता.

ही एखाद्या घराची तऱ्हा नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. सरकारच्याच आकड्यांत हे लिहिलेले होते. तरीही आदेश काढणाऱ्यांनी असे धरून चालले की प्रत्येक माणसाच्या हातात मोबाईल आहे. प्रत्येक माणूस म्हणजे प्रत्येक पुरुष, हे आपल्याकडे न बोलताच ठरलेले असते.

त्यात नावाची भानगड. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, प्रमाणपत्रावर नोंदणाऱ्या मुलाने जे ऐकले ते. लग्नात बाईचे नाव बदलायचे आणि मग प्रत्येक खिडकीवर तिलाच विचारायचे की तू नक्की कोण. एका मावशींना दोन पहिले डोस मिळाल्याची नोंद होती, दोन नावांवर. दुसरा एकही नाही. त्यांनी डोस दोनच घेतले होते. कागदाच्या भाषेत त्या अर्ध्या राहिल्या.

२०२१ च्या पूर्वार्धात देशभर लस घेतलेल्यांत बायका पुरुषांच्या मागे होत्या. वर्ष संपेस्तोवर ही तूट बरीचशी भरून निघाली, ही चांगली गोष्ट. पण ती कोणी भरून काढली? आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी. राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला होता. संप मिटवून त्या पुन्हा नाणे मावळात, पवन मावळात चिखल तुडवत वाड्यावाड्यांवर गेल्या, कातकरी वस्तीवर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा गेल्या, बायकांशी बोलल्या. ज्यांनी पटवून दिले त्या सगळ्या बायका. पुरुषांनी काय केले? आदेश काढले.

आमच्या शरीराला कोणी विचारले?

एप्रिल २०२१ मध्ये अफवा पसरली की पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नये. ती खोटी होती, सरकारने तसे जाहीरही केले. पण बायका विचारत होत्या ते वेगळेच. "लस घेतल्यावर माझी पाळी लांबली, असे होते का?" डॉक्टर म्हणत, काही संबंध नाही, मनाचे खेळ आहेत. पुढे २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून दिसले की लसीनंतर पाळीचे चक्र सरासरी एका दिवसाहून कमी लांबते आणि लवकरच पूर्ववत होते. म्हणजे घाबरण्यासारखे काहीच नव्हते. पण बाया खोटेही बोलत नव्हत्या. चाचण्यांच्या वेळी कोणी पाळीबद्दल विचारलेच नव्हते, म्हणून उत्तर नव्हते. "थोडे पुढेमागे होईल, काळजी करू नका," एवढे एक वाक्य खरेपणाने आधी सांगितले असते तर अफवेचा निम्मा दम गेला असता.

या मासिकाच्या वाचकांना हे नवे नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा आपले म्हणणे हेच होते की माहिती दिल्याशिवाय संमती होत नाही. २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा प्रकल्प खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत राबवला, तेव्हा वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डननेच सह्या केल्याचे उघड झाले आणि प्रकल्प थांबवावा लागला. त्या लसीला विरोध म्हणून आपण बोललो नव्हतो. ती लस चांगली आहे, आपल्या मुलींना ती मिळायलाच हवी. पण मुलीला आणि तिच्या आईला समजावून, विचारून. सुई टोचण्याआधी बोलावे लागते. एवढा वेळ ज्या व्यवस्थेकडे नाही, तिला आमच्या संमतीची पर्वा नाही.

आणि संमतीचा देखावा तरी कसा? जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की कोणालाही इच्छेविरुद्ध लस दिली जात नाही, आणि कोठेही प्रमाणपत्र दाखवणे आम्ही सक्तीचे केलेले नाही. त्याच वेळी आपल्या राज्यात २७ नोव्हेंबर २०२१ चा आदेश लागू होता. सार्वजनिक वाहनात, दुकानात, मॉलमध्ये, कार्यक्रमात दोन डोसवाल्यांनाच प्रवेश. नियम मोडणाऱ्या माणसाला ५०० रुपये दंड, आस्थापनेला १०,००० रुपये. लस ऐच्छिक आहे, फक्त एसटीत बसणे, लोकलने जाणे, बाजार करणे बंद. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. "तुला कोणी अडवले आहे? माहेरी जायचे तर जा, मग परत येऊ नकोस."

तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला की निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. रेशनच्या रांगेत कोण उभे असते? लस न घेता गावभर हिंडणारा नवरा घरी, आणि रिकामी पिशवी घेऊन परत येणारी ती. डोस चुकवला एकाने, चूल विझली दुसरीची.

फाटक कोणासाठी उघडते?

हे फाटक सर्वांसाठी सारखे होते, असे कोणी म्हणेल. लोणावळ्यात राहणाऱ्याला तसे म्हणवणार नाही. २०२० आणि २०२१ च्या दोन्ही पावसाळ्यांत जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर बंदी घातली, जमावबंदी लावली. ते गरजेचे होते, मी मान्य करते. पण त्याच शनिवार-रविवारी बंगल्यांच्या आवारात मोटारी लागलेल्या असत. बंगल्यात पार्टी, आणि मागच्या दाराने येणाऱ्या भांडीवालीला विचारणा, "डोस झाले का? कागद दाखव." तिने मालकिणीला उलट विचारले असते, "ताई, तुमचे झाले का?" तर? नाही विचारले, कारण विचारण्याचा हक्क एकाच बाजूला असतो. विषाणू मुंबईहून मोटारीने आला की पायी घाट चढून आला, याची चौकशी कोणी केली नाही. संशय कामवालीवर.

ऑक्टोबर २०२० मध्ये पुणे-लोणावळा लोकल पुन्हा सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. रुग्णालयातला लेखनिक अत्यावश्यक. त्याच्या म्हाताऱ्या आईला न्हाऊमाखू घालणारी, तळेगावला रोज जाणारी बाई अत्यावश्यक नाही. आपण घरकामाला काम म्हणत नाही, हे जुने दुखणे इथे तिकीटखिडकीवर दिसले.

आणि कणसेवाल्या? भुशीच्या, कार्ल्याच्या, भाज्याच्या वाटेवर शेगड्या मांडून बसणाऱ्या बायकांचे वर्ष तीन महिन्यांच्या पावसावर चालते. दोन पावसाळे गेले. पुढे १ फेब्रुवारी २०२२ पासून राज्यात पर्यटनस्थळे उघडली ती ऑनलाइन तिकीट आणि दोन डोस या अटींवर. पर्यटकाला मार्ग सापडला. वाटेवर बसणारीचा विचार कोणत्याही आदेशात नाही, ना लस देण्यासाठी, ना भरपाईसाठी. २०२४ च्या दुर्घटनेनंतरही तेच. वाहून गेले पर्यटक, हटल्या टपऱ्या. धोक्याच्या जागी टपरी नको हे मला पटते. पण मग ती कुठे हवी, हे सांगायला कोणी उरत नाही.

जुनी खोड

आपल्याकडे हे आज सुरू झालेले नाही. मार्च २०२० मध्ये राज्याने साथ आवरण्यासाठी जो कायदा पुढे केला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरले, स्थानकांवर प्रवाशांची तपासणी झाली, बायकांच्या अंगाला परक्या पुरुषांनी हात लावले. रँडची कथा आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जाहीर पत्र लिहिले, ते मात्र शिकत नाही. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. साथ आवरण्याच्या दोन रीती एकाच शहरात, एकाच वर्षी दिसल्या. एक अडवणारी आणि एक उचलून आणणारी. आपल्याला कोणती हवी ते ठरवू या.

पंढरीची गोष्टही आठवावी. एके काळी वारकऱ्यांना कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात जाता येत नसे. जुन्या बायका अजून सांगतात, दंड सुजायचा आणि ताप यायचा. पुढे कळले की ती जुनी लस साथ फैलावणे थांबवत नाही. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने देशोदेशीच्या प्रवाशांसाठीही कॉलऱ्याच्या प्रमाणपत्राची अट काढून टाकली. कॉलऱ्याला रोखले ते स्वच्छ पाण्याने आणि संडासांनी. कोविडच्या लसीचे तसेच झाले असे मी म्हणत नाही. तिने मरण आणि गंभीर आजार रोखला, ते मोठे काम. पण ओमायक्रॉन आला तेव्हा दोन डोसवालेही घरोघर आजारी पडले आणि आजार देत राहिले. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लसीकरणाचे धोरण योग्य आहे, पण कोणावर लस लादता येणार नाही. आणि लस न घेतलेल्यांपासून इतरांना अधिक धोका असल्याचे पुढे आलेले नाही, म्हणून त्यांना सार्वजनिक जागी अडवणे त्या घडीला प्रमाणात बसत नाही. त्याआधीच फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही राज्याच्या लोकलबंदीच्या आदेशांवर बोट ठेवले होते. राज्याने निर्बंध उठवले ते एप्रिलच्या गुढीपाडव्याला. तोवर दोन पगार, दोन पावसाळे, एक नोकरी जायची ती गेली होती.

"पण भीतीने रांगा लागल्या ना?"

हा आक्षेप मी टाळणार नाही. खरे आहे, नियम आल्यावर केंद्रांवर गर्दी वाढली. आमच्याही वस्तीवर काही पुरुष त्या भीतीने आले, एरवी आले नसते. त्यांतल्या एखाद्याचा जीव वाचलाही असेल. मी ते नाकारत नाही.

पण भीतीने आणलेली माणसे पुढच्या वेळी येत नाहीत. सुई म्हणजे सरकारची धमकी, हे मनात बसले की बाळाच्या गोवराच्या लसीलाही दार लावले जाते. २०२२ च्या शेवटी मुंबईत, मालेगावात गोवराने मुले दगावली तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती 'अडाणी आयां'ची. दोन वर्षे आरोग्य केंद्रांची सगळी माणसे कोविडला जुंपलेली, नेहमीचे लसीकरण मागे पडलेले, आणि दोष आईला. शिवाय ज्यांच्यावर धाक चालला ते थोडे. ज्यांना नोंदणी जमली नाही, कागद मिळाला नाही, जिचे नाव चुकले, तिच्यावर धाक चालून काय होणार होते? तिला धाक नको होता, मदत हवी होती.

तेव्हा भुशीच्या वाटेवर पुन्हा फाटक लावायचे असेल, आणि जीव वाचवायला कदाचित लावावेही लागेल, तर आमचे काही म्हणणे आहे. ज्या अटीवर अडवणार, ती अट पुरी करण्याची सोय आधी प्रत्येकीच्या दारापर्यंत न्या आणि मगच अडवा. पुरावा मोबाईलवरच हवा असा हट्ट नको, कागदाची चिठ्ठी चालली पाहिजे, आणि ती बाईच्या हातात दिली पाहिजे. गरोदर, बाळंतीण, जिला डॉक्टरांनीच थांबायला सांगितले आहे, तिला अट लागू होणार नाही आणि तिचे कामही जाणार नाही, हे आदेशातच लिहा. जागा बंद ठेवणार तर तिथे पोट भरणाऱ्यांना भरपाई द्या आणि विक्रीची दुसरी जागा दाखवा. आणि नियम ठरवणाऱ्या बैठकीत हॉटेलवाले आणि बंगलेवाले बसतात, तिथे कणसेवाली आणि आशाताईही बसली पाहिजे. पाणी किती चढले, कोणता दगड निसरडा झाला, हे रोज तिथे बसणारीला पर्यटन खात्याच्या आधी कळते. तिला आधी विचारले असते, तर कदाचित काही माणसे परत घरी गेली असती.

मैत्रिणींनो, लस हा आपला हक्क आहे. तो आपण मागून घेतला पाहिजे, तो नाकारणाऱ्यांच्या नादी लागता कामा नये. पण हक्काच्या वस्तूचा परवाना झाला की तो देणाऱ्याचा होतो, घेणारीचा राहत नाही. कामशेतच्या त्या मुलीचे बाळ आता शाळेत जायच्या वयाचे झाले आहे. त्याच्या लसींचे पिवळे कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. एकही डोस चुकलेला नाही. त्या गृहस्थांना पुढच्या सभेत मी हे सांगणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही. तुमच्या गावात असे कोणी 'शिस्त' मागत असेल, तर तुम्हीही बसू नका.